बाराची पेटी, बावीसचा हट्ट

1916 सालच्या मार्चमध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 20 ते 25 मार्च असे सहा दिवस सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गवय्ये, बीनकार, ग्रंथांचे अभ्यासक आणि हौशी रसिक एकत्र आले होते. सूत्रं विष्णु नारायण भातखंडे यांच्या हाती होती. या जमावात एक वाद्य असं होतं, की त्याला ना घराणं होतं ना दरबार. ती एक हार्मोनियम होती. घडवली होती लंडनला, पण तिच्यामागचा विचार सांगलीचा. साध्या पेटीत सप्तकाला बारा सूर असतात. या पेटीत बावीस श्रुतींची, म्हणजे सुरांच्या बारीक स्थानांची, सोय केलेली होती.

पेटीचे दोन पालक होते. एक कृष्णाजी बल्लाळ देवल, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. (‘शारदा’कार देवल ते हे नव्हेत. ते गोविंद बल्लाळ.) दुसरे अर्नेस्ट क्लेमेंट्स, मुंबई इलाख्यात न्यायाधीश असलेले आय.सी.एस. अधिकारी. एकाने जन्मभर महसुलाचे कागद पाहिलेले, दुसऱ्याने खटले ऐकलेले. दोघांच्या डोक्यात एकच वेड होतं: हिंदुस्थानी गवयाच्या गळ्यातला सूर आकड्यांत पकडायचा आणि मग तो यंत्राकडून वाजवून घ्यायचा. संगीत आणि यंत्र यांची सांगड हा विषय निघाला की आज संगणक, सिंथेसायझर, जाझ पियानोवादक यांची नावं पुढे येतात. महाराष्ट्रात या सांगडीचा पहिला मोठा खटला उभा राहिला तो पायाने भाता मारायच्या आणि हाताने पट्ट्या दाबायच्या पेटीवरून, तोही सातारा-सांगलीच्या टापूत.

हा टापू त्या काळी नकाशावर ठिगळांच्या गोधडीसारखा होता. मधे ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, त्याच्या अंगाखांद्यावर सांगली, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी आणि औंध. एकट्या औंधची गावंसुद्धा सलग नव्हती. राजधानी औंध आणि किन्हई आजच्या सातारा जिल्ह्यात, तर कुंडल, आटपाडी आजच्या सांगलीत. राज्यं लहान होती, उत्पन्न बेताचं होतं, पण गवई पदरी ठेवण्याची हौस दांडगी. ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच पट्ट्यात शिकवत राहिले. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्याकडेच तयार झाले. किन्हईचे अनंत मनोहर जोशी, म्हणजे पुढे औंध दरबारचे गवई झालेले अंतूबुवा, हेही त्यांचेच शिष्य. मिरजेत फरीदसाहेब सतारमेकर यांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेला तंबोऱ्याचा धंदा भरभराटीला आला होता. तंबोरा घ्यायचा तर मिरजेचा, असं देशभरातले गवई तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात.

तंबोऱ्याच्या या राज्यात पेटी शिरली ती नाटकाच्या दारातून.

हार्मोनियमचं मूळ पॅरिसचं. अलेक्झांद्र दबँ याने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांच्या सामानातून ती हिंदुस्थानात आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीने तिला बसून एका हाताने वाजवण्याजोगं रूप दिलं. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. हा बदल किरकोळ दिसतो, पण त्यामुळे दोन हातांनी स्वरसंगती वाजवण्याचं युरोपातलं वाद्य एका ओळीच्या, गाण्यामागे चालणाऱ्या साथीचं वाद्य झालं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं आणि त्यानंतर संगीत नाटकाची जी लाट उठली, तिला पायपेटी आणि ऑर्गन फार सोयीचे पडले. आवाज मोठा, हवामान बदललं तरी सूर उतरत नाही, शिकायला सारंगीपेक्षा कितीतरी सोपी. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे याच पेटीवर असे तयार झाले की 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याकडून आल्या आणि पेटीवादक म्हणून त्यांचं नाव देशभर झालं. कीर्तनाला पेटी, भजनाला पेटी, शाळेत पेटी. पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयातही विद्यार्थी पेटीवर सूर घोटत.

मग बिघडलं कुठे?

उत्तर तंबोऱ्यातच आहे. चांगला जुळलेला, जवारी नीट उघडलेला तंबोरा घ्यावा आणि खर्जाची तार एकटीच छेडून कान लावावा. तारेखालचा दोरा योग्य जागी सरकलेला असेल तर क्षणभराने त्याच तारेतून आणखी एक सूर निघतो. तो गंधार असतो. कुणी लावलेला नसतो. तारेच्या पाचव्या स्वरांशातून तो आपोआप उमटतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मध्य सप्तकाचा षड्ज सेकंदाला 240 कंपनांचा धरला तर खर्ज 120 चा आणि हा गंधार 600 चा, म्हणजे तार सप्तकातला. आता पेटीवर तोच गंधार दाबावा. पाश्चात्य पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या पेटीत तो जवळजवळ 605 कंपनांचा असतो. दोन्ही सूर एकदम वाजले की सेकंदाला पाचेक वेळा हेलकावे खाणारी थरथर ऐकू येते. सामान्य श्रोत्याला तिचं फारसं काही वाटत नाही. ज्याने आयुष्य तंबोऱ्यासमोर घालवलंय, त्याला ती दातात खडा यावा तशी लागते.

गंधारावरच थांबत नाही. मध्य सप्तकात नैसर्गिक शुद्ध धैवत 400 चा असावा, पेटीत तो 403.6 चा. कोमल गंधार 288 हवा, पेटीत तो 285.4. पंचम तेवढा जवळपास बिनचूक असतो. बारा समान भागांची ही युक्ती युरोपाने स्वतःच्या गरजेपोटी काढली होती. पियानोवर कुठल्याही पट्टीत वाजवता यावं आणि मधेच पट्टी बदलता यावी म्हणून प्रत्येक सुराला थोडंथोडं खोटं करून सगळ्यांत मिळून समझोता केलेला. आपल्या गाण्यात षड्ज बैठकभर हलत नाही. त्यामुळे समझोत्याची किंमत मात्र भरायची आणि फायदा शून्य, असा हा व्यवहार होता.

युरोपातही हे सगळ्यांना मान्य होतं असं नाही. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने 1863 मध्ये स्वरसंवेदनेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि शुद्ध गुणोत्तरांत लावलेली खास हार्मोनियम प्रयोगासाठी वापरली. त्याच्या मागोमाग इंग्लंडात बोसांके याने सप्तकाचे 53 भाग करणारी हार्मोनियम बनवली. ती लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेली. पुढे अमेरिकेत हॅरी पार्च या संगीतकाराने एक जुनी पायपेटी मोडूनतोडून 43 स्वरांच्या सप्तकासाठी जुळवली आणि तिच्याभोवती वाद्यांचं एक अख्खं कुटुंब उभं केलं. तेव्हा सांगलीचे देवल हे कुणी एकांडे विक्षिप्त गृहस्थ नव्हते. बारा पट्ट्यांवर नाराज असलेल्यांची एक जागतिक बिरादरी होती आणि ते नकळत तिचे सभासद होते.

देवलांना मात्र हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा वाटत नव्हता. त्यांच्या मागे भरताचं नाट्यशास्त्र उभं होतं. भरताने सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या: षड्ज, मध्यम, पंचम यांना चार-चार, ऋषभ-धैवतांना तीन-तीन, गंधार-निषादांना दोन-दोन. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त त्याच बावीस श्रुतींची मांडणी केली. पण या श्रुती म्हणजे नेमकी किती कंपनं, हे कुठल्याच ग्रंथात आकड्याने दिलेलं नाही. ती जागा मोकळी होती आणि देवलांनी तिथे गुणोत्तरं बसवली. 240 च्या षड्जाला ऋषभ एक 270 चा, दुसरा 266.7 चा. शुद्ध गंधार 300 चा, त्याच्यापेक्षा चढा 303.75 चा. कोमल गंधार 288 चा आणि उतरता 284.4 चा. अशी अख्खी यादी. 1910 मध्ये पुण्यात त्यांचं ‘हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. पान उघडलं की अपूर्णांकच अपूर्णांक. गाण्याचं पुस्तक म्हणून हातात घेणाऱ्याला जमाबंदीचा तक्ता वाचल्यासारखं वाटलं असेल, आणि लेखकाची नोकरी पाहता त्यात नवल नाही.

आकडे कागदावर आले, पण ते गळ्याशी पडताळायचे कुणाच्या? इथे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आले. किराण्याचे खाँसाहेब बडोद्याहून या बाजूला आले आणि इथलेच झाले. 1910 मध्ये त्यांनी बेळगावला आर्य संगीत विद्यालय काढलं, मग 1913 मध्ये पुण्याला. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. 1937 मध्ये मद्रासकडच्या प्रवासात ते गेले, तेव्हा त्यांना मिरजेला आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. सुराच्या बाबतीत त्यांचा कान आणि गळा दोन्ही असामान्य. शिवाय वाद्यं स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा नाद. असा गवई देवलांना भेटणं हा योगच म्हणायचा. खाँसाहेब श्रुती गाऊन दाखवत, देवल त्यांची गुणोत्तरं मांडत. उस्ताद हे ‘अशिक्षित’ आणि शास्त्राला विन्मुख, असा समज सुशिक्षित मंडळींत तेव्हा सर्रास होता. या एका जोडीने त्याला छेद दिला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर एका मुसलमान गवयाचा गळा हाच पुरावा म्हणून मांडतो आहे, ही गोष्ट त्या काळात साधी नव्हती. खाँसाहेबांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूंचं चरित्र लिहिलं, तसाच ‘श्रुतिदर्शन’ हा ग्रंथही लिहिला. या नादाची लागण पुढच्या पिढीलाही झाली होती.

क्लेमेंट्स यांची बाजू थोडी वेगळी. त्यांनी 1913 मध्ये हिंदुस्थानी संगीताची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं, देवलांचं काम पुढे नेलं आणि लंडनच्या मूर अँड मूर या वाद्यनिर्मात्यांकडून श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या मंडळामार्फत त्यांनी तिचा प्रचारही केला. सूर शुद्ध झाले की हिंदुस्थानी रागांना पाश्चात्य धर्तीची स्वरसंगती जोडता येईल आणि सगळं गाणं युरोपीय रेघांच्या लिपीत थोड्याफार जादा खुणांनी लिहिता येईल, अशी त्यांची खरी आशा होती. देवलांना पेटी हवी होती ती जुनं सिद्ध करण्यासाठी, क्लेमेंट्सना नवं घडवण्यासाठी. एकाच पेटीवर दोन वेगळी स्वप्नं लादलेली होती, आणि मला वाटतं बडोद्याला पोचण्याआधीच तिच्या भात्यात हे भोक पडलेलं होतं.

बडोद्यात गाठ पडली ती भातखंड्यांशी. वकिली सोडून देशभर गवयांच्या दारात बसून चिजा गोळा करणारा हा माणूस. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथमालेचा पहिला भागही 1910 मधलाच, देवलांच्या पुस्तकाच्या वर्षीचा. भातखंड्यांचं म्हणणं असं की जुन्या ग्रंथांतलं गाणं आणि आज गवई गातात ते गाणं यांच्यात शतकांची दरी आहे. भरताच्या श्रुती आजच्या रागांवर चिकटवणं म्हणजे पुरावा आधी ठरवून मग साक्षीदार शोधणं. व्यवहारासाठी त्यांना सप्तकातले बारा सूर पुरेसे होते आणि त्यांच्यावरच त्यांनी रागांच्या वर्गवारीचे दहा थाट उभारले. परिषदेत श्रुती-हार्मोनियम मांडली गेली, गवयांच्या गळ्याशी ताडून पाहिली गेली, वादही झाला. पण भातखंडे आणि त्यांच्या बाजूची मंडळी बधली नाहीत. बावीस श्रुतींची पेटी देशाच्या गाण्याचं प्रमाण ठरावी, हा देवलांचा हेतू तिथे फसला.

फसण्याचं श्रेय एकट्या भातखंड्यांना देणं मात्र चुकीचं ठरेल. त्यांचा आक्षेप ग्रंथांवर होता, पण पेटीची खरी अडचण मैफलीत होती. दरबारीचा गंधार कुठल्या एका आकड्यावर उभाच नसतो, तो आंदोलत असतो. मारव्यातला ऋषभ आणि भैरवातला ऋषभ यांच्यातलं अंतर फक्त उंचीचं नाही. तिथवर जायची वाट निराळी, तिथे थांबायची रीत निराळी. बारा पट्ट्यांच्या जागी बावीस केल्या तरी एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सलग घसरत जाणं, येत नाही ती नाहीच. वर वाजवणाऱ्याचे हाल: गवई तान घेऊन पुढे निघून गेला आणि साथीदार अजून कुठला गंधार दाबायचा याच विचारात. देवलांचे आकडे चुकीचे नव्हते. तंबोऱ्यातला गंधार त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. पण थांबलेल्या सुराचं माप घेऊन चालत्या सुराचं वाद्य करायला ते निघाले होते.

पेटीवरचा राग नंतर अधिकच चिघळला, पण त्यात बारकावा राहिला नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात हार्मोनियमला थारा दिला नव्हता. 1938 मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फौल्ड्स यांनी ‘द इंडियन लिसनर’मध्ये पेटीवर तिखट लेख लिहिला. फौल्ड्स स्वतः पाव-सुरांचे प्रयोग करणारे. त्यांची पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक, हिंदुस्थानात राहून शिकलेली आणि लंडनमध्ये बावीस श्रुती गाऊन दाखवणारी. म्हणजे सांगलीच्या डेप्युटी कलेक्टरचा वाद आता रेडिओच्या कचेरीत इंग्रजांच्या तोंडून चालू होता. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी आली. स्वातंत्र्यानंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनीही ती उचलून धरली. 1971 मध्ये ती सैल झाली, तीही साथीपुरती. मधल्या काळात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते. घरी पेटी घेऊन बसणारा माणूस कचेरीत गेला की तिथे पेटीला मज्जाव!

पेटी परकी, म्हणून ती नको, असं या बंदीचे समर्थक म्हणत. ते पटण्याजोगं नाही, आणि ते का नाही हे औंधला जाऊन पाहता येतं.

1910 च्याच मार्चमध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना हलवला आणि किर्लोस्करवाडी वसली. इंग्लंडचा लोखंडी नांगर इथल्या मातीला मानवेल असा करून विकणं हा त्यांचा धंदा. जागा दिली ती आदल्याच वर्षी गादीवर बसलेल्या भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. हे राजे स्वतः चित्रकार, स्वतः कीर्तनाला उभे राहणारे, सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. त्यांनी गोळा केलेली चित्रं-शिल्पं 1938 पासून यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयात आहेत. बाहेरची वस्तू घ्यायची ती आपल्या कामाची करून घ्यायची, हा त्या राज्याचा शिरस्ता होता. अशा दरबारात अंतूबुवा गात होते आणि त्यांचा मुलगा गजानन वाढत होता.

गजाननबुवा जोशी 1911 चे. वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम मिळाली. ती पुरेशी न वाटून ते रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे गेले, अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडून जयपूरची आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून आग्र्याची गायकी घेतली. तबलाही शिकले. तीन घराण्यांच्या चिजा एका गळ्यात आणि तरी घराण्यांची सरमिसळ नाही, हे त्यांचं वैशिष्ट्य त्यांच्या शिष्यांमुळे आजही ऐकायला मिळतं. उल्हास कशाळकर हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. पण गजाननबुवांची दुसरी ओळख व्हायोलिनवादक म्हणून, आणि हे वाद्य त्यांनी बरंचसं स्वतःच्या कानाने कमावलं.

व्हायोलिन पेटीइतकंच परकं. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते कर्नाटक संगीतात आणलं होतं, पण उत्तरेच्या गायकीत त्याची जागा गजाननबुवांच्या पिढीत तयार झाली. त्याच्या पट्टीवर पडदेच नाहीत. बोट कुठे ठेवायचं हे कान ठरवतो. दरबारीचा गंधार हलवायचा तर बोट हलवा, मींड घ्यायची तर बोट घसरू द्या. मांडी घालून बसावं, वाद्याचं डोकं पायाशी टेकवावं म्हणजे डावा हात मोकळा राहतो आणि सबंध तार फिरता येते. श्रुती बावीस की सहासष्ट, हा प्रश्न त्या वाद्याला कधी पडलाच नाही. आकाशवाणीनेही व्हायोलिनला कधी परकं म्हटलं नाही. गजाननबुवांनी तर आकाशवाणीत नोकरी केली, गायले आणि व्हायोलिनही वाजवलं. 1972 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. अंतूबुवांना तो 1955 मध्येच मिळाला होता. पॅरिसच्या पेटीला रेडिओचं दार बंद आणि इटलीच्या व्हायोलिनला उघडं, यात स्वदेशी-परदेशीचा संबंध असलाच तर नावापुरता.

आकाशवाणीने पेटीला बाहेर काढलं त्याच 1940 साली औंधमध्ये अंतूबुवांचे आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ संगीत उत्सव सुरू झाला. दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत तो अजून होतो. मोठ्या शहरांतल्या समारंभांचा थाट त्यात नाही. देवस्थानचा उत्सव असावा तसं त्याचं रूप आहे: गुरूंपुढे हजेरी लावायला गवई येतात, गातात, आणि ऐकणाऱ्यांत गावकऱ्यांपासून पुण्या-मुंबईहून आलेल्या रसिकांपर्यंत सगळे असतात. गवयाच्या डाव्या हाताला पेटी असते. तिच्याकडे संशयाने बघणारा आता तिथे कुणी नसतो.

मधल्या काळात शास्त्रानेही या भांडणात तोंड घातलं. 1963 मध्ये नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी यंत्राने मोजून दाखवलं की हिंदुस्थानी कलावंतांचे सूर एकमेकांपासून तर वेगळे असतातच, पण एकाच कलावंताचा एकाच बैठकीतला तोच सूरसुद्धा जागा बदलतो. हा निकाल भातखंड्यांच्या पारड्यात पडला असं म्हणता येईल. तरी देवलांचा हट्ट काही मेला नाही. मुंबईकडचे विद्याधर ओक हे पेशाने डॉक्टर, गोविंदराव पटवर्धनांकडे पेटी शिकलेले. त्यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुन्हा घडवली आणि पेटंटही घेतलं. तिच्या पट्ट्या बाराच आहेत. षड्ज-पंचम स्थिर ठेवून बाकी दहा सुरांना प्रत्येकी दोन-दोन जागा दिल्या आहेत, आणि राग सुरू होण्याआधी खटके ओढून हवी ती जागा निवडायची. देवलांच्या पेटीतली बोटांची पंचाईत इथे टळली, कारण निवड गाण्याच्या मधे करायची नसते, आधी करायची असते.

याहून जुना आणि स्वस्त उपाय पेटी लावणाऱ्या कारागिरांनी कधीचाच शोधला आहे, कुठल्याही परिषदेत न जाता. ते पेटी उघडतात, पितळी सुराची पत्ती बाहेर काढतात. सूर चढवायचा तर पत्तीचं मोकळं टोक कानशीने जरासं घासतात, उतरवायचा तर मुळाजवळ घासतात. पुन्हा बसवतात, भाता मारतात, तंबोऱ्याशी ताडून पाहतात, पुन्हा काढतात. गंधार, धैवत, निषाद हेलकावे न खाता मिळाले की काम झालं. याला महाराष्ट्रात ‘गांधार ट्यूनिंग’ म्हणतात. अशी पेटी फक्त एकाच षड्जाला खरी असते. पट्टी बदलली की तिचे सगळे सूर खोटे. म्हणून मुरलेले साथीदार पुरुष गवयासाठी काळी एकची पेटी वेगळी ठेवतात आणि बाईंच्या गाण्याला काळी चार किंवा पाचची वेगळी. प्रवासात ओझं दुप्पट होतं, भाडंही वाढतं, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्याला त्याचा हिशेब आधीच सांगून ठेवावा लागतो.